समुद्री शेवाळ आणि पायाची जखम

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या सासऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, ती दीड महिना झाला तरी भरत नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. पाच दिवस घेतल्या, आणि मग घरात चर्चा सुरू झाली. आखातात नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाने समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलचा डबा पाठवला. पाठोपाठ मोबाइलवर संदेशही आला: शेवाळात जंतू मारणारे नैसर्गिक द्रव्य असते हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, त्याचे दुष्परिणाम काही नाहीत, गोळ्या बंद करून हेच घ्या. भगिनी लिहितात, "अब्बा आता गोळ्यांना हात लावत नाहीत. म्हणतात, अल्लाहने समुद्रात शिफा ठेवली आहे तर हे विष कशाला खाऊ? तुम्ही वाचता-लिहिता, तर संदेश खरा की खोटा एवढे सांगा."

त्यांना आम्ही लगेच कळवले की गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि अब्बांना पुन्हा दवाखान्यात न्या. पण "खरा की खोटा" याचे उत्तर एका ओळीत देता येत नव्हते, कारण संदेशाचा अर्धा भाग खरा आहे. अर्ध्या खऱ्या गोष्टीनेच माणूस जास्त फसतो. म्हणून या महिन्याचे पान त्यालाच दिले आहे. आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो, औषध देत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मात्र बरेच पिडले, आणि जे नीट समजले तेवढेच इथे मांडतो.

आधी खरी बाजू. त्या पत्रातल्या जखमेवर डॉक्टरांनी काय लावले होते? तपकिरी रंगाचे मलम, पोव्हिडोन आयोडीनचे. ते जवळपास प्रत्येक घरातल्या औषधाच्या डब्यात असते. त्यातले आयोडीन माणसाला प्रथम सापडले ते समुद्री शेवाळातच. १८११ साली फ्रान्समध्ये नेपोलियनच्या लढाया चालू होत्या आणि तोफांच्या दारूसाठी सोरा लागत होता. बर्नार्ड कुर्त्वा नावाचे गृहस्थ सोरा बनवण्याच्या धंद्यात होते आणि त्यासाठी किनाऱ्यावरचे शेवाळ जाळून त्याची राख वापरत. एकदा त्या राखेच्या द्रावात गंधकाचे तेजाब जास्त पडले आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली. ती थंड पृष्ठभागावर बसली तेव्हा काळसर, चकाकणारे स्फटिक झाले. आयोडीन हे नावही 'जांभळा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. पुढे त्याचे टिंक्चर जखमेवर लावायची पद्धत पडली. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांच्या जखमांवर आयोडीन वापरले गेले. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला गुडघा फुटल्यावर लावलेले ते झोंबणारे टिंक्चर आठवत असेल. कुर्त्वा यांना मात्र त्यातून फारसे काही मिळाले नाही. १८३८ मध्ये ते गरिबीतच वारले.

आज बहुतेक आयोडीन शेवाळातून काढत नाहीत. ते मुख्यतः चिलीमधल्या खनिजातून आणि जपानमधल्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून येते. तरी शेवाळ ते साठवते कशाला, हा प्रश्न मनोरंजक आहे. थंड समुद्रांतले केल्प नावाचे मोठे तपकिरी शेवाळ आजूबाजूच्या पाण्यातून आयोडीन ओढून घेते आणि पाण्यात असते त्याच्या हजारो पटींनी स्वतःत साठवते. ओहोटीला उघडे पडल्यावर उन्हाने, वाऱ्याने त्याच्या पेशींना इजा पोहोचू लागली की ते हा साठा बाहेर सोडते, आणि पेशी जाळणारी द्रव्ये त्यामुळे निकामी होतात. हे २००८ साली युरोपातल्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे आयोडीन ही केल्पची ढाल आहे.

आता दुसरी गोष्ट. ही आम्हाला स्वतःला सर्वांत जास्त आवडली, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर चायना ग्रास नसेल असे घर शोधावे लागेल. किराणा दुकानातून पांढऱ्या पट्ट्या आणायच्या, भिजवायच्या, उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायच्या, गरम गोड दुधात ओतायच्या, ताटात पसरायच्या. फ्रिज नसला तरी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या ते घट्ट होते आणि वड्या पडतात. बाजारातल्या जेलीचे तसे नाही. ती जिलेटिनची असेल तर उन्हाळ्यात लगेच पाझरते, शिवाय जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचे, तेव्हा कोणत्या जनावराचे हा प्रश्न आपल्या घरांत उभा राहतोच. चायना ग्रासबाबत तो प्रश्न नाही. नावात 'ग्रास' असले तरी ते गवत नव्हे. जेलिडियम, ग्रासिलारिया अशा लाल समुद्री शेवाळांच्या पेशींच्या भिंतींतून काढलेला तो चिकट पदार्थ आहे. त्याचे शास्त्रीय जगातले नाव अगर, मूळ मलय भाषेत अगर-अगर. (उर्दूतले 'अगर' म्हणजे 'जर' ते वेगळे, आणि अगरबत्तीतला अगर म्हणजे सुगंधी लाकूड, तेही वेगळे. भाषेच्या शिक्षकाला एवढे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

१८८१ सालचा जर्मनी डोळ्यांसमोर आणा. रोगजंतू वेगळे करून वाढवायचे कसे, यावर रॉबर्ट कॉख आणि त्यांचे सहकारी झटत होते. बटाट्याच्या कापांवर वाढवून पाहिले, जिलेटिनच्या थरावर वाढवून पाहिले. माणसाच्या शरीराच्या उबेला, म्हणजे ३७ अंशाला, रोगजंतू चांगले वाढतात, पण त्या उबेला जिलेटिन वितळून पाणी होते. काही जंतू तर जिलेटिन खाऊनच टाकतात. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे डॉक्टर वाल्टर हेसे याच कटकटीने बेजार झाले होते. त्यांची पत्नी फॅनी त्यांना कामात मदत करी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोष्टींची चित्रे काढी. वाल्टर यांनी तिला विचारले, तुझ्या जेली आणि पुडिंग या उन्हाळ्यात वितळत कसे नाहीत? फॅनीचे बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले होते. तिथे जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ती अगर वापरायला शिकली होती. तिने सांगितले, हे वापरून पाहा.

अगर उकळत्या पाण्याच्या जवळपास गेल्याशिवाय वितळत नाही, थंड होताना मात्र साधारण ३५ ते ४० अंशाला घट्ट होतो, आणि बहुतेक जंतूंना तो पचत नाही. नेमके हेच हवे होते. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, त्या लेखात अगरचा उल्लेख आहे. तो कोणाकडून आला याचा नाही. हेसे दांपत्याला त्यातून पैसाही मिळाला नाही. १८८७ मध्ये पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी काढली, आणि तेव्हापासून अगर ओतलेली ती बशी जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिनची बुरशी दिसली तीही अशाच बशीत.

स्वयंपाकघरातल्या एका बाईच्या ज्ञानाने केवढे काम केले, याचा अंदाज पुढच्या एका गोष्टीवरून येईल. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगाचा बहुतेक अगर जपानमधून येत असे. जपान युद्धात उतरल्यावर तो बंद झाला. तेव्हा अमेरिकेने आपल्याकडचा साठा प्रयोगशाळांसाठी राखून ठेवला, आणि ब्रिटन, न्यूझीलंड यांनी आपापल्या किनाऱ्यांवर अगर देणारे शेवाळ शोधायला माणसे पाठवली. अलीकडे २०१५ मध्ये मोरोक्कोने किनाऱ्यावरचे शेवाळ संपू नये म्हणून तोडणीवर आणि निर्यातीवर बंधने घातली, तेव्हाही जगभरच्या प्रयोगशाळांत काळजी पसरली होती. आपल्या देशात तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून, डोळ्यांवर पाण्यातला चष्मा लावून मन्नारच्या आखातात बुडी मारतात आणि खडकावरचे शेवाळ खुडून आणतात. त्याचा अगर होतो. तेव्हा ताटातली वडी कापताना त्यांचीही आठवण असावी.

आता या बशीचा अब्बांच्या पायाशी संबंध सांगतो. जखम भरत नसेल तर डॉक्टर तिच्यातला पू किंवा आतल्या मांसाचा छोटा तुकडा तपासणीला पाठवतात. त्याला बोलीत 'कल्चर' म्हणतात. प्रयोगशाळेत तो नमुना अगरच्या बशीवर पसरतात. अशा कामासाठी अगरमध्ये मेंढीचे रक्तही मिसळलेले असते. बशी उबेला ठेवली की जंतूंचे ठिपके उगवतात. मग ते जंतू दुसऱ्या बशीवर एकसारखे पसरून वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाहायचे. ज्या चकतीभोवती जंतू उगवलेच नाहीत, स्वच्छ गोल राहिला, ते औषध या जंतूवर चालते. ज्या चकतीला जंतू अगदी चिकटून उगवले, ते औषध कितीही महाग असो, या रुग्णाला निरुपयोगी. स्वच्छ गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि अहवालात औषधाच्या नावापुढे एस, आय किंवा आर अशी अक्षरे लिहितात. एस म्हणजे जंतू त्या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे दाद देत नाही, आय हे मधले. हा कागद हातात असला की डॉक्टरांना अंधारात बाण मारावा लागत नाही.

जंतू मारण्याच्या कामात समुद्री शेवाळाने माणसाला केलेली सर्वांत मोठी मदत ही आहे, असे आमचे मत झाले आहे. त्या पत्रात मात्र कल्चर झाल्याचा उल्लेख कुठेच नाही. डॉक्टरांनी सांगितले नाही, की सांगितले आणि खर्चाकडे पाहून घरच्यांनी टाळले, हे आम्हाला माहीत नाही. असे टाळणारे लोक आम्ही आजूबाजूला पाहतो, एवढे खरे. दोन हजारांचा शेवाळाचा डबा आनंदाने घेतात आणि त्याहून स्वस्त तपासणीला "कशाला?" म्हणतात.

आता संदेशातल्या मूळ दाव्याकडे येऊ. शेवाळात जंतूंविरुद्ध काम करणारी द्रव्ये असतात का? असतात, आणि कशी असतात हे फार सुरेख आहे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्श्यात, साधारण दहा लाख जीवाणू असतात. अशा पाण्यात कोणतीही वस्तू टाकली की काही तासांत तिच्यावर जीवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यावर शेवाळाची पिल्ले येतात, मग शिंपले चिकटतात. कोकणातल्या आपल्या मच्छीमार भावांना हे सांगायला नको. होडी किनाऱ्यावर ओढून बूड खरवडायचे काम त्यांच्या पाचवीला पुजलेले आहे. पण रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर ओहोटीला जे शेवाळ दिसते ते तर जन्मभर त्याच पाण्यात असते. त्याला हातपाय नाहीत, अंग झटकता येत नाही. आपल्यासारख्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही नाहीत. तरी कित्येक जातींची पाने स्वच्छ राहतात.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यावर डेलिसिया पल्क्रा नावाचे एक लाल शेवाळ आहे. त्याची पाने अशीच स्वच्छ असतात, म्हणून न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. त्यांना फ्युरेनोन नावाची द्रव्ये सापडली. गंमत अशी की ही द्रव्ये तेवढ्या प्रमाणात जीवाणूंना मारत नाहीत. मग करतात काय?

हे समजायला वर्गातले उदाहरण घ्या. शिक्षक बाहेर गेले की लगेच गोंधळ होत नाही. आधी एक मुलगा हळूच काहीतरी पुटपुटतो, दुसरा उत्तर देतो. पुरेसे आवाज कानांवर आले, आपण एकटे नाही याची खात्री झाली, की मग एकदम वर्ग डोक्यावर घेतात. जीवाणूंचेही तसेच असते. प्रत्येक जीवाणू एक रासायनिक निरोप बाहेर सोडत असतो. संख्या वाढली की निरोप दाटतो, आणि ठरावीक पातळीला पोहोचला की सगळे मिळून थर बांधायला, विष सोडायला लागतात. डेलिसियाचे फ्युरेनोन त्या निरोपासारखेच दिसते. ते निरोपाच्या जागी जाऊन बसते आणि खरा निरोप पोहोचू देत नाही. वर्गात मुले आहेत, पण कोणाला कोणाचे ऐकू येत नाही! यातून संशोधकांना मोठी आशा वाटली, ती अशी की जीवाणूला मारायचेच नसेल तर औषधाला दाद न देणारी त्याची पिढी तयार होण्याचा जोरही कमी राहील.

दुसरा एक प्रयोग आम्हाला त्याहून पटण्यासारखा वाटला. अस्पॅरागॉप्सिस नावाचे लाल शेवाळ समुद्रातले ब्रोमीन घेऊन स्वतःत जंतूविरोधी द्रव्ये बनवते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे शेवाळ दोन प्रकारच्या कृत्रिम समुद्रपाण्यात वाढवले. एकात ब्रोमीनची संयुगे होती, दुसऱ्यातून ती वगळली होती. ब्रोमीन न मिळालेल्या शेवाळाला आपली द्रव्ये बनवता आली नाहीत, आणि त्याच्या अंगावर जीवाणूंची संख्या वाढली. म्हणजे ही द्रव्ये खरोखर त्याच कामाची आहेत. फिजी बेटांजवळच्या आणखी एका लाल शेवाळातली द्रव्ये तर प्रयोगशाळेत हट्टी स्टॅफिलोकॉकस जंतूवर आणि मलेरियाच्या परजीवीवर परिणाम करताना दिसली आहेत.

मग या सगळ्यातले औषधाच्या दुकानात काय आले? शेवाळापासून काढलेले, रुग्णांवर तपासून मंजूर झालेले एकही अँटिबायोटिक आज बाजारात नाही. संदेश पाठवणाऱ्याने नेमके हे सांगितले नाही.

याची कारणे समजून घेतली पाहिजेत. बशीत जंतू मारणे सोपे आहे. डेटॉल मारते, तेजाब मारते, चुलीतला निखाराही मारतो. औषध तेच, जे जंतूला मारते आणि माणसाला नाही, शिवाय पोटातून रक्तात आणि रक्तातून जखमेपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचते. शेवाळातली बरीच द्रव्ये इथेच अडतात. डेलिसियाच्या मूळ फ्युरेनोनबाबत माणसाच्या पेशींना इजा होण्याची काळजी निघाली, म्हणून प्रयोगशाळेत त्याची बदललेली रूपे बनवून पाहावी लागली. दुसरे असे की संशोधक शेवाळाचा अर्क बहुधा मिथेनॉलसारख्या द्रावकात काढतात. वाळवलेल्या शेवाळाची भुकटी कॅप्सूलमध्ये भरली म्हणजे तो अर्क झाला नाही. शिवाय शेवाळ कोणत्या ऋतूत, कोणत्या किनाऱ्यावरून काढले यावर त्यातले द्रव्य कमी-जास्त होते. अँटिबायोटिकच्या गोळीत पाचशे मिलिग्रॅम लिहिले असेल तर पाचशेच असते. भुकटीच्या डब्यावर असा काही आकडा असतो का, पाहा.

आणि "नैसर्गिक आहे, म्हणजे दुष्परिणाम नाही" या वाक्याबद्दल. जपानमध्ये डायजेनिया नावाच्या शेवाळाचा काढा पोटातल्या जंतांवर फार पूर्वीपासून देत. तो खरोखर गुणकारी होता. १९५३ मध्ये त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे केले, त्याचे नाव काइनिक आम्ल. ते जंताच्या मज्जातंतूंवर काम करते. पुढे शास्त्रज्ञांना कळले की मोठ्या प्राण्यांच्या मेंदूवरही त्याचा जबर परिणाम होतो. आज प्रयोगशाळेत उंदरांना मुद्दाम झटके आणून अपस्माराचा अभ्यास करायला हेच द्रव्य वापरतात. एकाच शेवाळातले एकच नैसर्गिक द्रव्य, आणि मात्रेप्रमाणे दवा की जहर ते ठरते. हकीम मंडळी वजनाचा काटा जवळ ठेवतात तो काही शोभेला नाही.

कॅप्सूलच्या बाबतीत याहून जवळचा धोका आयोडीनचाच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर बाईला २५०. आपल्याकडे मिठातून ते मिळतेच. कोंबूसारख्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅम भुकटीत हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकते. एवढे रोज पोटात गेले तर थायरॉइडचे काम बिघडू शकते, कधी मंद होऊन तर कधी बेफाम होऊन. आपल्या घरांतल्या किती आपा, खाला थायरॉइडची गोळी घेतात! त्यांनी अशी कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता तोंडात टाकू नये. त्याशिवाय काही शेवाळांत समुद्रातले जड धातूही साठतात. हिजिकी नावाच्या शेवाळात आर्सेनिक इतके आढळले की ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ मध्ये लोकांना ते खाऊ नका असे सांगितले. जपानी लोक शेवाळ रोज जेवतात हे खरे. ते अन्न म्हणून जेवतात, पू झालेल्या जखमेवर उपाय म्हणून नव्हे.

अब्बांच्या मनातल्या रागाबद्दलही लिहायला हवे, कारण तो अगदीच निराधार नाही. अँटिबायोटिकने पोट बिघडते, तोंडाची चव जाते, आणि सर्दी-पडशालाही या गोळ्या लिहून दिलेल्या आपण पाहतो. त्यांचा अतिवापर झाला आहे. पण पाच दिवस घेऊन अर्ध्यावर सोडणे हा त्यावरचा इलाज नाही. जंतू दबले आहेत पण गेलेले नाहीत, अशा वेळी औषध थांबले की उरलेले पुन्हा उठतात, आणि उरलेल्यांत चिवटच जास्त असतात. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील, असा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या देशात २०१४ पासून अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक्स 'शेड्यूल एच वन' या यादीत आहेत. ती देताना दुकानदाराने चिठ्ठी पाहायची आणि वहीत डॉक्टर व रुग्ण यांची नावे नोंदवायची असतात. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये, ही खूण घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा. मुले अशा गोष्टी लवकर शिकतात आणि मोठ्यांना टोकतातही.

त्या भगिनीने आता काय करावे? साखर किती आहे ते आधी पाहावे. साखर चढलेली असताना कोणतेही औषध निम्म्या ताकदीने लढते. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखमेला उसंत मिळत नाही. तेव्हा त्या पायावर भार न देण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. नमाजला खुर्चीवर बसण्याची मुभा आजारी माणसाला आहेच. जखमेतून पाणी येत असेल तर 'अल्जिनेट ड्रेसिंग' चालेल का, हेही विचारावे. ही पट्टी तपकिरी शेवाळापासूनच बनते, पाणी शोषून मऊ लगद्यासारखी होते आणि काढताना ओरबाडत नाही. अब्बांना शेवाळाची शिफा हवीच असेल तर ही तपासलेली, डॉक्टरांच्या हाताने लागणारी शिफा आहे. कॅप्सूलचा डबा फेकून भांडण ओढवून घेऊ नये. तो डॉक्टरांपुढे ठेवावा, त्यावरचा मजकूर त्यांना वाचू द्यावा. त्यांचे म्हणणे अब्बा स्वतःच्या कानांनी ऐकतील.

आणि कल्चरची गोष्ट काढावी. पाच दिवस गोळ्या पोटात गेल्या आहेत आणि त्या मध्येच थांबल्या आहेत, हे न लपवता सांगावे, कारण नमुना कधी घ्यायचा हे त्यावर ठरते. जखमेच्या वरच्या पुवापेक्षा, साफ केल्यानंतर आतून घेतलेला नमुना जास्त उपयोगी, तोही डॉक्टरच घेतील. अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या, हे चिठ्ठीवर लिहून मागावे.